अठराव्या महिन्याचा रकाना

एचआयव्हीची बाधा असलेल्या गर्भवती स्त्रीचे मूल बाधेविना जन्माला येऊ शकते आणि बाधेविनाच वाढू शकते, ही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने आता वादाची राहिलेली नाही. उपचार मिळाले नाहीत आणि मूल अंगावर पीत असेल, तर शंभरांपैकी १५ ते ४५ मुलांना आईकडून संसर्ग होतो. आईला वेळेवर आणि नियमित औषधे मिळाली तर हे प्रमाण पाचाच्याही खाली येते. शासकीय केंद्रांमध्ये ही औषधे मोफत दिली जातात. बहुतेक स्त्रियांसाठी उपचार म्हणजे दिवसाला एक गोळी एवढाच असतो. तरीही आपल्या देशात दरवर्षी काही मुले ही बाधा घेऊन वाढतात. ती का वाढतात, या प्रश्नाचे उत्तर आता डॉक्टरांपेक्षा प्रशासनाने द्यायला हवे, असे माझे मत आहे.

आधी विषय थोडा समजून घेऊ. आईकडून मुलाला संसर्ग होण्याचे तीन टप्पे आहेत: गर्भावस्था, प्रसूती आणि स्तनपान. तिन्ही टप्प्यांत धोका आईच्या रक्तातील विषाणूंच्या संख्येवर अवलंबून असतो. औषधांनी ती संख्या खाली आणायची आणि स्तनपान संपेपर्यंत खालीच ठेवायची, हे या उपचाराचे सूत्र आहे. जोडीला बाळाला जन्मापासून किमान सहा आठवडे नेविरापीन या औषधाचे पातळ द्रव रोज पाजले जाते. धोका जास्त असेल तर अधिक काळ, किंवा दोन औषधे दिली जातात.

या उपचाराचा इतिहास फार जुना नाही. १९९४ साली अमेरिका व फ्रान्समधील एका अभ्यासाने दाखवून दिले की, झिडोव्हुडीन हे औषध दिल्यास स्तनपान न करणाऱ्या मुलांमधील संसर्ग सुमारे २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येतो. पण तो उपचार लांबलचक आणि गरीब देशांना न परवडणारा होता. १९९९ साली युगांडातील अभ्यासातून एक सोपी वाट निघाली. कळा सुरू झाल्या की आईला नेविरापीनची एक गोळी आणि जन्मानंतर ७२ तासांच्या आत बाळाला एक मात्रा, एवढ्यावर संसर्ग जवळजवळ निम्म्याने कमी झाला. आपल्याकडे २००० साली पाच राज्यांतील ११ मोठ्या रुग्णालयांत चाचपणी झाली आणि २००२ पासून देशभर कार्यक्रम सुरू झाला. त्याचा मुख्य आधार पुढे हीच एक गोळी होती.

तिच्या मर्यादा लवकरच लक्षात आल्या. निम्मा धोका टळला तरी निम्मा उरत होता. स्तनपानाच्या काळाला फारसे संरक्षण नव्हते. शिवाय एकाच मात्रेमुळे आईच्या शरीरातील विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होण्याची भीती होती. म्हणजे बाळाला वाचवताना आईच्या पुढच्या उपचाराची वाट अवघड होत होती. १ एप्रिल २००४ पासून बाधितांना मोफत औषधोपचार देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीला, तिची प्रतिकारशक्ती कितीही असो, आयुष्यभराचा तीन औषधांचा उपचार देण्याचे धोरण देशभर लागू झाले. २०१७ मध्ये हेच धोरण सर्व बाधितांसाठी आले. पुढे डॉल्युटेग्राविर हे अधिक परिणामकारक औषध आले. २०१८ मध्ये गर्भाच्या मज्जासंस्थेवर त्याचा परिणाम होतो की काय अशी शंका उपस्थित झाली होती, पण अधिक माहिती हाती आल्यावर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गर्भवतींसह सर्वांसाठी त्याची शिफारस केली. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही २०२१ मध्ये तेच स्वीकारले.

हा सगळा इतिहास डॉक्टरांच्या नजरेतून औषधे सुधारत गेल्याचा आहे. प्रशासकाने मात्र तो वेगळ्या नजरेने वाचावा. २००२ मधील उपचार ही एका रात्रीची घटना होती. प्रसूतिगृहात गोळी आहे का, परिचारिकेला माहिती आहे का, बाळाला मात्रा दिली का, एवढे पाहिले की काम संपले. अशी कामे आपल्या प्रशासनाला उत्तम जमतात. निवडणूक घ्या, पल्स पोलिओ घ्या, पुराच्या वेळी गावे हलवणे घ्या. दिवस ठरलेला असला, जबाबदारी वाटून दिलेली असली, की तीच यंत्रणा डोळे दिपवणारे काम करून दाखवते. आजचा उपचार मात्र असा एका दिवसात बसत नाही. गर्भावस्थेच्या तिसऱ्या महिन्यापासून मूल दीड वर्षाचे होईपर्यंत, म्हणजे सुमारे दोन वर्षे, एका स्त्रीशी आणि एका बाळाशी संबंध टिकवून धरावा लागतो. औषध बदलले, धोरण बदलले. आपली मोजण्याची पद्धत मात्र बव्हंशी एका रात्रीच्या कामाचीच राहिली आहे.

आढावा बैठकांतील तक्ते आठवून पाहावेत. गर्भवतींची नोंदणी किती, त्यांपैकी एचआयव्हीची तपासणी किती, बाधित आढळल्या किती, औषधे सुरू झाली किती, हे रकाने ठळक असतात आणि त्यांची टक्केवारी बहुधा चांगली असते. उजवीकडे जावे तसे रकाने विरळ होत जातात. बाळाची सहाव्या आठवड्यातील तपासणी, सहाव्या महिन्यातील, बाराव्या महिन्यातील, आणि शेवटी अठराव्या महिन्यातील. या शेवटच्या रकान्यापर्यंत चर्चा पोचण्याआधीच बैठक पुढच्या विषयाकडे वळते.

अठरावा महिनाच का, तेही पाहू. आईच्या रक्तातील प्रतिपिंडे बाळात उतरलेली असतात आणि ती दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळे मोठ्या माणसांची नेहमीची चाचणी लहान बाळावर केली तर बाधा नसतानाही ती असल्याचे दिसू शकते. म्हणून लहान बाळासाठी वेगळी चाचणी लागते. टाच टोचून रक्ताचे ठिपके कागदावर घेतात, ते सुकवतात आणि ठरावीक प्रयोगशाळेकडे पाठवतात. तेथे थेट विषाणूचाच शोध घेतला जातो. आपल्याकडे ही सोय २०१० पासून आहे. मुलाला बाधा नाही हा अंतिम निर्वाळा मात्र अठराव्या महिन्यानंतर, आणि स्तनपान त्यानंतरही चालू असेल तर ते थांबल्यावर काही महिन्यांनीच देता येतो. तोपर्यंत प्रत्येक बाळ हे 'निकाल प्रलंबित' असलेले प्रकरण आहे.

हे प्रकरण प्रलंबित ठेवण्याची किंमत मोठी आहे. बाधित बाळावर उपचार झाले नाहीत, तर सुमारे एक तृतीयांश बाळे पहिल्या वाढदिवसापर्यंत आणि निम्मी बाळे दुसऱ्या वाढदिवसापर्यंत दगावतात. उलट, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतील अभ्यासात, निदान होताच लगेच औषधे सुरू केलेल्या बाळांमधील मृत्यू तीन चतुर्थांशाने कमी आढळले. म्हणजे सहाव्या आठवड्याची तपासणी चुकणे ही तक्त्यातील एक रिकामी जागा नसून एखाद्या बाळाच्या जगण्याची हुकलेली संधी असू शकते.

आता साखळी कुठे तुटते ते पाहू. तपासणी उशिरा होणे, खासगी रुग्णालयातील प्रसूतीची माहिती न मिळणे, नवऱ्याची तपासणीच न होणे, ही कारणे परिचित आहेत. पण एका कारणाचा विचार आपण फारसा करत नाही, आणि ते आपल्या घरादारात रुजलेले आहे. आपल्या देशातील असंख्य स्त्रिया बाळंतपणासाठी माहेरी जातात. सातव्या-आठव्या महिन्यात जातात आणि बाळ दोन-तीन महिन्यांचे झाले की परततात. जो काळ संसर्ग रोखण्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक, नेमका तोच काळ ती स्त्री तिची नोंद जिथे आहे तिथे नसते. आईच्या विषाणूसंख्येची तपासणी ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान व्हायला हवी. तेव्हा ती माहेरी. प्रसूती माहेरी. बाळाचे औषध माहेरी. सहाव्या आठवड्याची तपासणीही माहेरी.

उदाहरण म्हणून कल्पना करू. ओडिशातील गंजाम जिल्ह्यातून हजारो कामगार सुरतेच्या यंत्रमागांवर येतात. त्यांपैकी एकाची पत्नी सुरतेत गर्भवती राहिली, तिथेच तिची तपासणी झाली, तिथेच औषधे सुरू झाली. आठव्या महिन्यात ती रेल्वेने गावी निघाली. तिच्याजवळ उपचाराची पुस्तिका आहे. पण घरातल्यांनी, शेजारणींनी ती पाहिली तर काय, या भीतीने ती पुस्तिका ती सुरतेच्या खोलीत पेटीच्या तळाशी ठेवून जाते. सोबत महिन्याभराच्या गोळ्या आहेत. प्रसूती लांबली, परतीचे तिकीट लांबले आणि गोळ्या संपल्या. गावाजवळच्या रुग्णालयात ती आपली बाधा सांगत नाही, कारण तिथली परिचारिका तिच्याच आळीतली आहे. सुरतेच्या नोंदवहीत ती 'संपर्क तुटला' या शेऱ्याखाली जाते. गंजामच्या नोंदवहीत ती कधी आलेलीच नसते. दोन्ही जिल्ह्यांचे तक्ते बिनचूक आहेत आणि दोन्हींत ते बाळ नाही.

यात कोणी कामचुकारपणा केलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. प्रत्येक राज्याची एड्स नियंत्रण संस्था स्वतंत्र, प्रत्येक जिल्ह्याचे उद्दिष्ट स्वतंत्र, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडणाऱ्या स्त्रीची जबाबदारी कोणाचीच नाही. बीड जिल्ह्यातून कर्नाटकात किंवा पश्चिम महाराष्ट्रात जाणारी ऊसतोड कामगार स्त्री असो, बिहारमधून पंजाबात गेलेले कुटुंब असो, प्रश्न तोच आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. असा पाठपुरावा करायचा म्हणजे स्त्रीच्या बाधेची माहिती अधिक लोकांच्या हाती जाणार. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, बाधेची माहिती उघड करता येत नाही, आणि बाधित गर्भवतीचा गर्भपात किंवा नसबंदी तिच्या माहितीपूर्ण संमतीविना करता येत नाही, असे तो कायदा सांगतो. हा कायदा उगाच आलेला नाही. प्रसूतिगृहात खाटेवर वेगळी खूण लावणे, केसपेपरवर लाल अक्षरे लिहिणे, प्रसूती करण्यास नकार देऊन दुसरीकडे पाठवणे, असे प्रकार या देशातील बाधित स्त्रियांनी भोगले आहेत. आशा कार्यकर्ती वारंवार एकाच घरी येऊ लागली की गाव तर्क करते, हेही खरे आहे.

परंतु गोपनीयता ही त्या स्त्रीची मालमत्ता आहे, कार्यालयाची नाही. आपण अनेकदा तिच्या नावाने गोपनीयता पाळतो आणि प्रत्यक्षात आपली पाठपुराव्याची जबाबदारी टाळतो. तिलाच विचारले तर मार्ग निघतो. कोणत्या दूरध्वनीवर बोलावे? तो दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगावे? घरी आलेले चालेल की लसीकरणाच्या दिवशी भेटावे? माहेरी एखाद्या माणसाला सांगितलेले चालेल का, आणि कोणाला? चांगला समुपदेशक हे प्रश्न पहिल्या दोन भेटींत विचारतो आणि उत्तरे लिहून ठेवतो. ही उत्तरे घेणे हा उपचाराचाच भाग मानला गेला पाहिजे.

दुसरा आक्षेप प्रमाणाचा आहे. इतका मोठा देश, इतकी लोकसंख्या, प्रत्येक बाळामागे कोण धावणार? येथे साधे गणित करून पाहावे. देशात वर्षाला सुमारे तीन कोटी स्त्रिया गर्भवती राहतात. त्यांपैकी एचआयव्हीबाधित सुमारे वीस हजार आहेत. जिल्हे पावणेआठशेच्या आसपास आहेत. म्हणजे सरासरी एका जिल्ह्यात वर्षाला पंचवीस-सव्वीस स्त्रिया. गर्भावस्था आणि बाळाचे अठरा महिने धरले तरी कोणत्याही दिवशी सरासरी जिल्ह्याकडे साठाच्या आतबाहेर माता-बालकांच्या जोड्या असतील. मिझोराम, नागालँड, मणिपूर यांसारख्या राज्यांत किंवा महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, कर्नाटकातील काही जिल्ह्यांत हा आकडा बराच मोठा असेल. अनेक जिल्ह्यांत तो एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. तीन कोटींतून या वीस हजार शोधून काढणे हे कठीण काम होते, आणि ते आपली यंत्रणा मोठ्या प्रमाणात करते. शोधून काढलेल्या साठ जोड्या सांभाळणे त्या मानाने सोपे आहे, आणि नेमके तिथेच आपण कमी पडतो.

काय करता येईल, याबद्दल काही सूचना मांडतो.

पहिली गोष्ट, हिशेबाचे एकक बदलावे. स्त्री वेगळी, बाळ वेगळे, तपासणी वेगळी असे न मोजता माता-बालक ही एक जोडी मोजावी आणि तिचे खाते बाळाच्या अंतिम निर्वाळ्यानंतरच बंद व्हावे. जिल्ह्याच्या यादीत नावे नकोत, फक्त क्रमांक असावेत. नॅकोची 'सोच' ही संगणकप्रणाली आहे, गर्भवतींच्या नोंदीसाठी वेगळे पोर्टल आहे. दोन्हींमधील दुवा मोजक्या अधिकृत व्यक्तींनाच दिसेल अशा रीतीने जोडणे तंत्रदृष्ट्या अवघड नाही.

दुसरी गोष्ट, 'बाळंतपणाला कुठे जाणार?' हा प्रश्न पाचव्या महिन्यातच विचारावा आणि उत्तर परजिल्ह्याचे असेल तर एका समुपदेशकाने दुसऱ्याशी, त्या स्त्रीच्या संमतीने, थेट बोलावे. आपल्या कार्यालयांत धारिका एका शाखेतून दुसऱ्या शाखेत गेली तर पोच मिळेपर्यंत ती पाठवणाऱ्याच्या नावावर राहते. माणसाच्या बाबतीतही हाच नियम लावावा. पोच येईपर्यंत जोडी मूळ जिल्ह्याच्याच हिशेबात राहील, असे ठरले की 'संपर्क तुटला' हा शेरा लिहिणे सोपे राहणार नाही.

तिसरी गोष्ट, गोळ्या. माहेरी जाणाऱ्या स्त्रीला तीन महिन्यांचा साठा द्यावा आणि देशातील कोणत्याही उपचार केंद्रावर तिला कागदपत्रांचा आग्रह न धरता औषध मिळावे. त्यासाठी पुरवठा पक्का हवा. २०२२ मध्ये औषधे अपुरी मिळतात म्हणून बाधित व्यक्तींनी दिल्लीत नॅकोच्या कार्यालयासमोर दीर्घकाळ धरणे धरले होते, हे विसरता येणार नाही. ज्या देशातील सिप्ला कंपनीने २००१ साली वर्षाला ३५० डॉलरमध्ये तीन औषधांचा उपचार देऊ करून जगातील औषधांच्या किमती खाली आणल्या, त्या देशातील गर्भवतीला गोळ्या मोजून मिळाव्यात हे शोभत नाही.

चौथी गोष्ट, नवरा. सुरुवातीला बाधा नसलेल्या स्त्रीला गर्भावस्थेत किंवा स्तनपानाच्या काळात नव्याने संसर्ग झाला, तर तिच्या रक्तातील विषाणूसंख्या फार वाढते आणि बाळाला धोकाही अधिक असतो. म्हणून नवऱ्याच्या तपासणीला, आणि जोखीम असेल तिथे स्त्रीच्या शेवटच्या तिमाहीतील फेरतपासणीला, तितकेच महत्त्व हवे. आज सारा भार तिच्यावर आणि दोषही तिच्याच माथी, कारण घरात पहिली तपासणी तिची होते.

पाचवी गोष्ट, माणसे. ही सारी साखळी ज्या समुपदेशकांवर उभी आहे ते वर्षानुवर्षे कंत्राटी आहेत. स्त्री विश्वास ठेवते तो एखाद्या योजनेवर नसतो. समोर बसलेल्या त्या ताईवर असतो. ती ताई नोकरी सोडून गेली की विश्वासही जातो. हे पद रिकामे ठेवून वाचणारा पैसा ही बचत मानू नये.

शेवटची सूचना माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. आपल्याकडे २०१० पासून प्रत्येक मातामृत्यूचे अन्वेषण करण्याची पद्धत आली. मृत्यू का झाला, गाडी उशिरा आली की रक्त नव्हते, हे जिल्हाधिकाऱ्यांसमोर मांडले जाते. त्यात दोषी शोधण्यापेक्षा तुटलेली कडी शोधण्याचा हेतू असतो. आईकडून बाधा झालेल्या प्रत्येक बालकाचेही असेच अन्वेषण, नाव उघड न करता, व्हावे. आज असे बाळ सापडले की ते उपचार केंद्राच्या यादीत जमा होते. ते कोणत्या टप्प्यावर निसटले, हे कोणी विचारत नाही.

थायलंडने २०१६ मध्ये, मालदीव व श्रीलंकेने २०१९ मध्ये, आईकडून मुलाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवल्याची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेकडून मिळवली. हे देश लहान आहेत, हे खरे. पण श्रीलंकेत ठरावीक लोकसंख्येमागे एक आरोग्यसेविका असते आणि आपल्या क्षेत्रातील प्रत्येक गर्भवती तिला माहीत असते. आपला जिल्हाही त्या अर्थाने लहानच आहे. मोजणी साठ जोड्यांची आहे.

आपल्या जिल्ह्याच्या पुढच्या आढावा बैठकीत अधिकारी मित्रांनी तक्ता उजवीकडून वाचायला सुरुवात करावी, एवढीच विनंती. दोन वर्षांपूर्वी ज्या स्त्रिया बाधित आढळल्या, त्यांची बाळे आज कुठे आहेत आणि किती जणांचा अंतिम निर्वाळा हाती आहे, हे विचारावे. उत्तर ठाऊक नसेल तर डावीकडच्या रकान्यांतील शंभर टक्क्यांना फारसा अर्थ उरत नाही.